पूर्ण ऑनलाइन कोर्स पहिल्यांदा शिकवताय? विद्यार्थी गळू नयेत म्हणून काय काय करावं

"पुढच्या सत्रापासून हा विषय पूर्ण ऑनलाइन" असा निरोप आला की बहुतेक शिक्षक आधी चांगला माइक शोधतात, मग जुन्या स्लाइड्स सुधारायला बसतात. दोन्ही कामं रास्त आहेत. पण आवाज खरखरला म्हणून कोर्स सोडणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. होतं असं, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कुठेतरी गाडी अडते, एखादी असाइनमेंट राहून जाते, आणि आपण मागे पडलोय हे कुणाला कळलेलंच नाही हे त्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येतं. मग तो येईनासा होतो. वर्गात गोंधळलेला चेहरा समोर दिसतो. इथे तो दिसावा याची सोय आधीच करून ठेवावी लागते. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्या सोयीच्याच आहेत.

ज्या कोर्समध्ये प्रत्यक्ष भेट अजिबात नाही, विद्यार्थी वीस ते साठ-सत्तर आहेत आणि शिकवणारे तुम्ही एकटेच आहात, तो कोर्स मी डोळ्यांसमोर ठेवलाय. हजारो जणांच्या खुल्या कोर्सचं गणित वेगळं असतं.

एक चौकट आधी लक्षात ठेवा, पुढे सतत उपयोगी पडेल. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये परस्परसंवादाचे तीन प्रकार मांडले: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. आपला कोर्स आखून झाला की प्रत्येक आठवड्यापुढे हे तीन रकाने काढा आणि कुठला रिकामा राहतोय ते बघा. नव्या शिक्षकाचा पहिला रकाना ओसंडून वाहत असतो आणि तिसरा जवळजवळ कोरा असतो.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- कोर्सचं व्यासपीठ: मूडल, कॅनव्हास, गूगल क्लासरूम, संस्थेने जे दिलं असेल ते. त्यात स्वतःचं एक बनावट 'विद्यार्थी' खातंही उघडून घ्या.
- लाइव्ह तासासाठी झूम, मीट किंवा तत्सम सोय, आणि ती बंद पडली तर पर्याय काय हे आधी कळवलेलं.
- साधा हेडसेट. लॅपटॉपच्या माइकपेक्षा तो केव्हाही बरा.
- विद्यार्थ्यांची यादी असलेली एक स्प्रेडशीट. नाव, शेवटचा संपर्क कधी झाला, काय बोलणं झालं, एवढे रकाने पुरेत.
- एका पानाचा अभ्यासक्रम आराखडा: तारखा, गुणांची विभागणी, उशिरा काम दिल्यास काय, तुमच्याशी कसं आणि कधी बोलायचं.
- तांत्रिक अडचणींसाठी संस्थेतल्या योग्य माणसाचा संपर्क. पासवर्ड बदलून देणं तुमचं काम नाही, पण कुणाकडे पाठवायचं हे तुम्हाला माहीत हवं.

व्यासपीठ कुठलं, यावर फार वेळ घालवू नका. पाचसहा वेगवेगळी ॲप गोळा करण्याचा मोह तर टाळाच. दर नव्या ॲपबरोबर नवा पासवर्ड येतो, आणि त्या पासवर्डपाशी दोनतीन विद्यार्थी गळतात.

१. आठवडा तासांत मोजा

कोर्सच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते पाचसहा वाक्यांत लिहा. 'समजेल', 'ओळख होईल' असली क्रियापदं नकोत. 'आलेख वाचून निष्कर्ष काढेल', 'अर्जाचा मसुदा तपासून चुका दाखवेल' अशी हवीत. मग प्रत्येक वाक्यासाठी पुरावा म्हणून कुठलं काम घेणार ते ठरवा आणि त्या कामाला लागेल तेवढंच साहित्य द्या. प्रत्यक्ष वर्गातला सगळा मजकूर जसाच्या तसा चढवला, की वर्गातल्या तासांचं गृहपाठात रूपांतर होतं आणि मूळचा गृहपाठ वेगळाच राहतो. दुप्पट झालेलं ओझं कुणी बोलून दाखवत नाही, फक्त हजेरी कमी होते.

म्हणून दर आठवड्याची बेरीज करा: व्हिडिओ किती मिनिटं, वाचन किती पानं, लेखन किती शब्द, लाइव्ह तास किती. तुम्हाला जे काम अर्ध्या तासात जमतं त्याला नवख्याला दीड तास लागेल असं धरून चाला. बेरीज ठरलेल्या तासांच्या वर गेली तर काहीतरी काढा. 'ऐच्छिक वाचन' असं लेबल लावून ठेवणं म्हणजे काढणं नव्हे. मन लावून शिकणारे ते वाचायला जातात आणि दमतात.

२. सगळ्या आठवड्यांची मांडणी एकसारखी ठेवा

हे थोडक्यात. दर आठवड्याचं पान एकाच क्रमाने लावा: आधी 'या आठवड्यात काय करायचंय' ही चारपाच ओळींची यादी, मग साहित्य, मग सराव, मग चर्चा, शेवटी जमा करायचं काम. डेडलाइनचा वार आणि वेळ पूर्ण सत्रभर बदलू नका. फाइलींची नावं 'फायनल२_नवीन' अशी नकोत. मग त्या बनावट विद्यार्थी खात्याने मोबाइलवरून आत जा आणि पहिल्या आठवड्याची असाइनमेंट स्वतः जमा करून बघा. शिक्षकाच्या खात्यातून दिसणारा कोर्स आणि विद्यार्थ्याला दिसणारा कोर्स यांत कधीकधी एक अख्खा विभाग लपलेला राहून गेलेला असतो.

३. पहिला आठवडा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या कोर्सेसची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक जण कोर्सच्या आत एकदाही गेले नव्हते. तुमचा कोर्स फुकटचा आणि खुला नसेल, त्यामुळे गळती इतकी मोठी होणार नाही. पण पहिली पायरी सर्वात निसरडी असते, हे छोट्या कोर्सलाही तितकंच खरं आहे.

पहिल्या आठवड्यात नवा आशय जवळजवळ नको. विद्यार्थ्याने चार गोष्टी करायच्या, चारही सोप्या:

- कोर्स सुरू होण्याच्या दिवशी आलेल्या ईमेलला एका ओळीचं उत्तर द्यायचं. ईमेल पोचतो आणि वाचला जातो, हे त्यातून कळतं.
- आराखड्यावर आधारलेली पाचसहा प्रश्नांची क्विझ, हवी तेवढ्या वेळा देता येईल अशी. 'उशिरा काम दिलं तर किती गुण जातात?', 'मला प्रश्न कुठे विचाराल?' वगैरे. आराखडा वाचा असं कितीही सांगितलं तरी कुणी वाचत नाही. क्विझसाठी मात्र वाचतात.
- एक छोटी प्रश्नावली, फक्त तुम्हालाच दिसणारी: कोर्स मोबाइलवर करणार की संगणकावर, नेट कसं आहे, आठवड्यात कुठल्या वेळी अभ्यास होतो, नोकरी किंवा घरातली जबाबदारी आहे का, या विषयाची धास्ती वाटते का, हाक कुठल्या नावाने मारू.
- ओळख. पण 'स्वतःबद्दल दोन ओळी लिहा' असं विचाराल तर नाव-गाव-आवडनिवड अशा चाळीस सारख्या पोस्ट येतील आणि कुणी कुणाच्या वाचणार नाही. विषयाशी जोडलेला प्रश्न विचारा. संख्याशास्त्र असेल तर 'गेल्या महिन्यात तुम्ही विश्वास ठेवलेला एक आकडा', भाषा असेल तर 'तुमच्या घरातच वापरला जाणारा एखादा शब्द'.

या ओळखींना तुम्ही स्वतः उत्तर द्या, प्रत्येकाला. साठ जण असले तरी. कंटाळवाणं काम आहे आणि पूर्ण संध्याकाळ जाते, पण सत्रात पुन्हा कधीही इतक्या थोड्या श्रमात इतकं साधत नाही. 'छान!' लिहून पुढे जाऊ नका; त्यांच्या पोस्टमधली एक नेमकी गोष्ट उचला. विद्यार्थ्याने पहिल्यांदा काहीतरी लिहिलं आणि पलीकडे माणूस आहे हे त्याला कळलं, एवढं पुरेसं असतं.

प्रश्नावलीची उत्तरं फाइलबंद करू नका. अर्धे विद्यार्थी मोबाइलवरून येणार असतील तर रुंद तक्ते असलेली पीडीएफ बाद. बरेच जण रात्री उशिरा अभ्यास करत असतील तर दुपारी बाराची डेडलाइन त्यांच्या काही उपयोगाची नाही. पुढच्या ईमेलमध्ये सांगा: 'तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असं कळवलंय, म्हणून मी हे बदललंय.'

आणि सुरुवातीच्या दोन दिवसांत जे आत आलेच नाहीत त्यांना तिसऱ्या दिवशी संपर्क करा. ईमेल, आणि संस्थेच्या नियमांत बसत असेल तर फोन. बहुतेकांचं कारण क्षुल्लक निघतं: लॉगिन चालत नाही, निरोप स्पॅममध्ये गेला, कोर्स पुढच्या आठवड्यात सुरू होतोय असं वाटलं. हीच कारणं तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुणी विचारली नाहीत, की क्षुल्लक राहत नाहीत.

४. व्हिडिओ छोटे करा, आणि मध्ये काहीतरी करायला लावा

संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या खुल्या ऑनलाइन कोर्सेसच्या व्यासपीठावरच्या चार कोर्सेसमधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. वर्गातल्या भाषणाचे तुकडे करून चढवलेल्या व्हिडिओंपेक्षा मुद्दाम ऑनलाइनसाठी केलेले, अनौपचारिक व्हिडिओ जास्त पाहिले जात होते. नुसत्या स्लाइड्सपेक्षा हाताने लिहीत-रेखाटत समजावलेलं लोकांना अधिक धरून ठेवत होतं. स्टुडिओतला महागडा थाट मात्र फारसा उपयोगी पडत नव्हता. आपल्यासारख्यांना हा दिलासाच आहे.

सहा मिनिटं हा कायदा नाही. एखादी सिद्धता दहा मिनिटं घेते, घेऊ द्या. पण एका व्हिडिओत एकच मुद्दा ठेवा आणि शीर्षकात तो मुद्दा लिहा. 'व्याख्यान ३ भाग २' हे शीर्षक परीक्षेआधी उजळणी करणाऱ्याला काहीच सांगत नाही. तारखा, डेडलाइन, 'मागच्या आठवड्यात आपण पाहिलं' असलं काही बोलू नका, म्हणजे व्हिडिओ पुढच्या सत्रातही चालेल.

व्हिडिओनंतर लगेच दोनतीन प्रश्न द्या. उगीच तपासणी म्हणून नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे होते. आठवायला लावणं हा शिकवण्याचाच भाग आहे. म्हणून या प्रश्नांना गुण अगदी किरकोळ ठेवा आणि चूक उत्तराबरोबर 'का चूक' ते एका ओळीत दाखवा. तीन आठवड्यांपूर्वीच्या भागावरचा एखादा प्रश्न अधूनमधून घुसवा.

सबटायटल द्या. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ती आवश्यक आहेतच. गाडीत बसून, झोपलेल्या बाळाशेजारी किंवा परक्या भाषेतून शिकणाऱ्यांनाही लागतात. आपोआप तयार होणारी सबटायटल नावं आणि पारिभाषिक शब्द हमखास बिघडवतात, तेवढी हाताने दुरुस्त करा. ज्यांचं नेट तुटपुंजं आहे त्यांच्यासाठी ऑडिओ फाइलही ठेवा. ६४ केबीपीएसचा तासभराचा ऑडिओ साधारण २९ एमबी होतो, तर १ एमबीपीएसचा तेवढाच व्हिडिओ ४५० एमबी. मोबाइल डेटावर शिकणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

५. चर्चा: 'एक पोस्ट, दोन प्रतिसाद' या नियमापासून सावध

ऑनलाइन कोर्सेसमध्ये ही पद्धत सगळीकडे पसरलीय. दर आठवड्याला प्रश्नावर दोनशे शब्द लिहा आणि दोन सहाध्यायांना उत्तर द्या. परिणाम ठरलेला: डेडलाइनच्या रात्री साडेअकराला पोस्ट, पावणेबाराला दोन 'अगदी बरोबर, मीही सहमत आहे'. आकडे भरतात, चर्चा होत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं एकच येणार, त्यावर ते बोलणार तरी काय?

प्रश्न असा हवा की उत्तरं वेगवेगळी यावीत आणि दुसऱ्याचं वाचल्याशिवाय आपलं काम पुढे सरकू नये. चालणारे काही प्रकार:

- *निवड करा आणि बाजू मांडा.* तीन पर्याय द्या, तिन्हींत काही खोट असलेले. एकच निवडायचा, कारण लिहायचं. प्रतिसाद द्यायचा तो वेगळा पर्याय निवडणाऱ्यालाच.
- *चूक शोधा.* सोडवलेलं एक उदाहरण द्या, त्यात एक चूक पेरा. पहिल्याने चूक शोधायची, दुसऱ्याने ती का झाली असेल ते सांगायचं, तिसऱ्याने तशाच चुकीचं नवं उदाहरण बनवायचं.
- *तुमच्या आसपासचं आणा.* फोटो, पावती, सूचनाफलक, कामावरचा एखादा प्रसंग, आणि त्यावर या आठवड्यातली संकल्पना लावून दाखवा. चॅटजीपीटीकडून लिहून आणलेली उत्तरं अशा प्रश्नांत फारशी टिकत नाहीत, हा वरचा फायदा.
- *गोंधळाची नोंद.* 'या आठवड्यात सर्वात कमी काय कळलं?' एवढाच प्रश्न. उत्तर द्यायचं काम आधी सहाध्यायांचं, मग तुमचं.

पहिलं उत्तर वाचून बाकीचे त्याचीच री ओढू नयेत म्हणून सेटिंगची मदत घ्या. मूडलमध्ये प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम असतो, त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. कॅनव्हासच्या चर्चेतही तसा पर्याय आहे. पोस्टची डेडलाइन बुधवार आणि प्रतिसादाची रविवार अशी फोडा, म्हणजे शेवटच्या रात्रीची धावपळ कमी होईल.

पन्नास जणांचा एकच फोरम वाचवत नाही. सहा ते आठ जणांचे गट करा आणि निदान महिनाभर तेच ठेवा. नावं ओळखीची झाली की लिहिण्याचा सूर बदलतो, एकमेकांचे जुने मुद्दे आठवायला लागतात. दर आठवड्याला एका विद्यार्थ्याने गटातल्या चर्चेचा गोषवारा पाच ओळींत लिहायचा आणि तो सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा.

तुम्ही किती बोलायचं? सुरुवातीला जास्त, पुढे कमी. प्रत्येक पोस्टखाली शिक्षक उत्तर द्यायला लागला की विद्यार्थी एकमेकांशी बोलणं सोडून त्याच्याकडेच बघू लागतात. आठवड्यातून दोनदा आत जा, अडलेल्या धाग्यावर प्रश्न टाका, आणि शेवटी 'या आठवड्यात काय निघालं' अशी छोटी नोंद करा, विद्यार्थ्यांची नावं घेऊन. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन शिकण्यासाठी जी चौकट मांडली, तिच्यात संज्ञानात्मक (विचार-आकलनाची), सामाजिक आणि अध्यापनाची अशी तीन प्रकारची उपस्थिती सांगितली आहे. चर्चेत तुमची उपस्थिती जाणवायला प्रत्येक धाग्यात डोकावायची गरज नसते.

६. लाइव्ह तास: भाषण रेकॉर्ड करा, तास कामाला लावा

सगळे एकाच वेळी एकत्र येतात ती वेळ दुर्मीळ. तिथे तासभर स्लाइड्स वाचून दाखवायच्या असतील तर तास न घेतलेला बरा, रेकॉर्डिंग पाठवून द्या. उदाहरणं सोडवणं, शंका, वादाचे मुद्दे, एकमेकांचं काम तपासणं, यासाठी तास वापरा.

प्रश्न विचारला की थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. ऑनलाइन तीन सेकंदही पुरत नाहीत. म्यूट काढायचं, नेटचा विलंब, आणि आपण बोलायचं की दुसरा बोलणार ही अडखळ. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. शांतता तुम्हाला जितकी अवघड वाटते तितकी त्यांना वाटत नाही.

त्याहून सोपी युक्ती चॅटची. प्रश्न विचारा आणि सांगा: 'सगळ्यांनी उत्तर टाइप करा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.' मिनिटभराने 'आता पाठवा' म्हणा. चाळीस उत्तरं एकदम येतात, कुणी कुणाची नक्कल केलेली नसते, आणि एरवी गप्प असलेले पाचसात जण पहिल्यांदा दिसतात. त्यातली दोन वाचून 'हे असं का वाटलं?' विचारा.

ब्रेकआउट रूममध्ये (लाइव्ह तासातच छोट्या गटांसाठी उघडलेल्या वेगळ्या खोल्यांत) पाठवताना काम तोंडी सांगून भागत नाही. रूममध्ये गेल्यावर सूचना गायब होतात आणि पहिली दोन मिनिटं 'काय करायचंय नक्की?' यात जातात. एक शेअर केलेलं डॉक्युमेंट द्या, त्यात प्रत्येक गटासाठी रकाना, भरायची नेमकी गोष्ट आणि वेळ. तीन किंवा चार जणांचा गट ठीक. दोघांत एकाचं नेट गेलं की दुसरा भिंतीशी बोलतो, आणि सहा जणांत चौघे फक्त ऐकतात. तुम्ही रूममध्ये फिरण्याऐवजी डॉक्युमेंटकडे बघा. कुठला गट अडलाय ते तिथे दिसतं.

आता कॅमेऱ्याचा वाद. माझं मत स्पष्ट आहे: सक्ती करू नका. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी खिळून बसावं लागणं, आणि हावभाव देण्या-वाचण्यासाठी लागणारे जास्तीचे मानसिक श्रम. शिवाय घर दाखवायची इच्छा नसणं, नेट कमी असणं ही कारणं आहेतच. गटाच्या छोट्या कामात कॅमेरा चालू करायला सुचवा, बाकी वेळी चॅट, पोल आणि डॉक्युमेंटमधलं काम हाच सहभाग धरा.

तासाला न येऊ शकणाऱ्यांसाठी रेकॉर्डिंगबरोबर एक छोटं काम ठेवा आणि त्याला हजेरीइतकेच गुण द्या. अन्यथा नोकरी करणारे विद्यार्थी पहिल्याच महिन्यात दुय्यम नागरिक होतात.

७. फीडबॅक लवकर द्या, लांब नसला तरी चालेल

तीन आठवड्यांनी आलेला दोन पानी अभिप्राय कुणी वाचत नाही, तोवर पुढची असाइनमेंट गेलेली असते. किती दिवसांत परत देणार ते आधी सांगा आणि तो शब्द पाळा; उशीर होणार असेल तर तसं कळवा. पहिल्या महिन्यात निदान एक छोटं काम असं ठेवा की ज्यावर प्रत्येकाला व्यक्तिशः अभिप्राय मिळेल.

प्रत्येक वेळी तीन गोष्टी पुरतात: काय जमलं, पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं, आणि ते कुठे वापरायचं. वारंवार येणाऱ्या चुकांसाठी तयार वाक्यांची फाइल ठेवा, पण त्याआधी एक ओळ त्या विद्यार्थ्याच्या कामाबद्दलचीच लिहा. मिनिटभराचा बोललेला अभिप्रायही चांगला चालतो. लिहिलेलं 'हे स्पष्ट नाही' कडक वाटतं, तेच आवाजात ऐकलं की मदतीचं वाटतं.

पुन्हा जमा करण्याची संधी निदान एका कामाला द्या. त्याशिवाय अभिप्राय वाचायचं कारण काय?

८. जे दिसेनासे झालेत त्यांना शोधा

आठवड्यातून एक ठरलेला वार, अर्धा तास, याच कामासाठी राखून ठेवा. मूडलच्या सहभागींच्या यादीत अमुक दिवसांपेक्षा जास्त काळ न आलेले गाळून काढता येतात. कॅनव्हासच्या गुणपत्रकातून काम जमा न केलेल्यांनाच संदेश पाठवता येतो. काही नसेल तर स्प्रेडशीट आहेच. फक्त लॉगिनची तारीख पाहून निष्कर्ष काढू नका. कुणी सगळं एकदम डाउनलोड करून ऑफलाइन शिकत असतो, कुणी रोज येतो आणि काहीच करत नाही. सलग दोन कामं चुकली, ही सर्वात भरवशाची खूण.

संदेश कसा लिहावा? 'आपण सातत्याने अनुपस्थित असल्याचे निदर्शनास आले आहे' असा सरकारी सूर लावलात तर उत्तर येणार नाही. बस चुकलेल्या माणसाला आपण पुढची बस किती वाजता आहे ते सांगतो, तसं लिहा:

*'नमस्कार, गेल्या आठवड्यातली क्विझ आणि चर्चा तुमच्याकडून राहिलेली दिसतेय. सगळं ठीक आहे ना? राहिलेलं सगळं करायची गरज नाही. फक्त तिसऱ्या भागातला दुसरा व्हिडिओ बघा आणि शुक्रवारपर्यंत क्विझ द्या, मग तुम्ही सगळ्यांबरोबर याल. काही अडचण असेल तर या ईमेलला एका शब्दात "अडलंय" लिहा, मी फोन करते.'*

यात आरोप नाही, ढीगभर राहिलेल्या कामांची यादी नाही, आणि परत यायचा छोटा रस्ता आहे. मागे पडलेल्याला सगळ्यात जास्त भीती त्या ढिगाची असते. म्हणून कोर्समध्येच थोडी सवलत बांधून ठेवा: दहा क्विझपैकी सर्वोत्तम आठ धरायच्या, किंवा सत्रात दोनदा कारण न सांगता दोन दिवसांची मुदतवाढ. कारणं विचारत बसण्याचा तुमचाही वेळ वाचतो आणि प्रामाणिक विद्यार्थ्याला गयावया करावी लागत नाही.

संदेश पाठवूनही काही जण येणार नाहीत. आजारपण, नोकरी, पैसे. सगळं कोर्सच्या रचनेने सुटत नाही. दोन संदेश आणि एक फोन झाला की संस्थेतल्या समुपदेशकाला किंवा समन्वयकाला कळवा आणि पुढे चला.

९. गटकार्य करायचं तर भूमिका वाटून

'पाच जणांनी मिळून प्रकल्प करा' म्हणजे एकाने करा आणि चौघांनी नावं लावा. काम असं तोडा की प्रत्येकाचा भाग ओळखता येईल, मधले दोन टप्पे जमा करायला लावा, आणि शेवटी प्रत्येकाने गुप्तपणे गटातल्या इतरांच्या सहभागाबद्दल दोन ओळी लिहायच्या. भेटण्याच्या वेळा न जुळणं हे भांडणांचं पहिलं कारण असतं, म्हणून पहिल्या आठवड्याच्या प्रश्नावलीतल्या अभ्यासाच्या वेळा बघून गट करा. वेळ कमी असेल तर गटकार्य सरळ वगळा, एकमेकांचं काम तपासून घेणं पुरेसं आहे.

१०. सत्र अर्ध्यावर येण्याआधीच विचारा, आणि काहीतरी बदला

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास निनावी तीन प्रश्न: काय चालू ठेवू, काय बंद करू, आठवड्याला किती तास लागतात? शेवटचा आकडा पहिल्या पायरीतल्या तुमच्या बेरजेशी ताडून पाहा. आठवडाभरात उत्तर द्या: हे बदलतेय, हे बदलता येणार नाही आणि का. विचारून गप्प बसलात तर पुढची प्रश्नावली कुणी भरणार नाही.

११. तुमचा स्वतःचा आठवडा

ऑनलाइन शिकवणं चोवीस तासांत पसरतं. रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला अकरा वाजून दोन मिनिटांनी उत्तर दिलं की पुढच्या वेळी तेच अपेक्षित धरलं जातं. वेळापत्रक ठरवा आणि विद्यार्थ्यांनाही दाखवा. चालेल असा एक नमुना:

- सोमवार: आठवड्याची घोषणा. तीन ओळी मागच्या आठवड्यातल्या, तीन पुढच्या.
- मंगळवार: फीडबॅकचा मोठा हप्ता.
- बुधवार: लाइव्ह तास, त्यानंतर अर्धा तास खुली शंकांची वेळ.
- गुरुवार: फोरममध्ये फेरी, दिसेनाशा झालेल्यांची यादी आणि संदेश.
- शुक्रवार: उरलेला फीडबॅक, पुढच्या आठवड्याचं पान विद्यार्थी खात्यातून तपासणं.
- शनिवार-रविवार: उत्तरं नाहीत. विद्यार्थ्यांनी एकमेकांना विचारायचा वेगळा फोरम उघडा ठेवा.

ईमेलने आलेला प्रश्न सगळ्यांच्या कामाचा असेल तर नाव काढून फोरमवर टाका आणि उत्तर तिथेच द्या, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा दहा जणांकडून येणार नाही. सत्र संपल्यावर आठवण ताजी असतानाच कोर्सच्या नोंदी उघडा, कुठल्या फाइली जवळजवळ कुणी उघडल्याच नाहीत ते बघा, आणि पुढच्या सत्राची प्रत बनवण्याआधी त्या काढून टाका.